मावशी रस्त्याच्या मधात नव्हती

माझ्या मोठ्या मावशीला पोलिसांच्या जीपने उडवलं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी, आर्णी-दिग्रस रस्त्याच्या कडेला, आमच्या गावच्या पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, तोंडाशी. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक म्हणतात, तिथला तो एक साहेबच तसा होता. प्रश्न एका साहेबाचा नव्हता.

जीप एका गाडीच्या मागे लागली होती. गाडीत चोरटी दारू. आमच्या गावात तेव्हा सोयाबीन निघालं होतं, आणि सोयाबीन निघालं की ते डांबरी रस्त्यावर वाळत घालायचं, ही रीत. अर्धा रस्ता सोयाबीनचा, अर्धा गाड्यांचा, मधे आणि कडेला दगडांची ओळ. मावशी आपल्या मालावर नजर ठेवून रस्त्याखाली, बाभळीच्या सावलीत बसली होती. दारूची गाडी मोकळ्या अर्ध्यातून आली. समोरून कापसाची बैलगाडी आली म्हणून ती हळू झाली. जीपच्या ड्रायव्हरला वाटलं, आता गाठतोच. त्याने जीप सोयाबीनवर घातली. वाळलेल्या दाण्यावर नुसता पाय पडला तरी माणूस सटकतो. जीप सटकली, दगड उडवत खाली उतरली आणि मावशीला घेऊन बाभळीला टेकली.

जीपमधल्या शिपायांनीच तिला दवाखान्यात नेलं, हेही लिहिलं पाहिजे. दारूची गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती दिग्रसला पंक्चरच्या दुकानापुढे उभी सापडली. तिचा नंबर पोलिसांकडे आधीपासून होता. एक फोन, पुढच्या नाक्यावर दोन शिपाई, एवढ्याने काम झालं असतं. झालं काय, तर मावशीचा उजवा हात कोपरातून मोडला आणि पुन्हा सरळ झाला नाही. कापूस दोन हातांनी वेचतात. ती गावातली सगळ्यात चपळ वेचणारी होती.

आता गावाने काय केलं ते सांगते. पोलीस पंचनाम्याला परत येणार, म्हाताऱ्या बाईवर रस्ता अडवल्याची केस लागणार, या भीतीने गावाने मिळून सोयाबीन पोत्यांत भरलं, दगड उचलून पांदणीत फेकले आणि रस्ता झाडून काढला. मायेने केलं. पोलीस आले, रस्ता लख्ख. त्यांनी लिहिलं: रस्ता मोकळा होता, महिला अचानक मधोमध आली.

दवाखान्यात मी मावशीला हे वाचून दाखवलं. ती छताकडे पाहत म्हणाली, "मले लागलं त्याचं एक राहू दे. पण मी मधात कायले जाऊ? मले काय गाडीखाली याची हौस हाय?"

मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होते आणि कापसाच्या भावावर पत्रकं वाटत होते. माझं प्रत्येक पत्रक 'जाहीर निषेध' या शब्दांनी सुरू व्हायचं. मी म्हटलं, "मावशी, तुझ्यावर पत्रक काढते. फोटोसकट."

"काही नको. फोटो छापाले मी मेली का?"

ती बरोबर बोलत होती. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात मोठमोठे पाहुणे गाड्या भरून यायचे आणि कर्जापायी जीव देऊन मेलेल्यांची घरं विचारायचे. जिवंत, मोडक्या हाताची बाई कोणाला पाहायची नव्हती.

मग आम्ही वकील गाठला. तालुक्याचा, नवा, दोन खुर्च्यांचं ऑफिस. तो म्हणाला, "एस.टी.नं उडवलं असतं तर महामंडळावर दावा केला असता ना? जीपचा मालक शासन आहे. शासनावर दावा करू."

दावा यवतमाळच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात लागला. शासनाचं उत्तर आलं: गुन्हेगाराचा पाठलाग हे शासनाचं सार्वभौम काम आहे, त्यात कोणाला इजा झाल्यास शासन जबाबदार नाही, आणि बाई मधोमध आली होती. सार्वभौम! हा शब्द मी शाळेत संविधानाच्या उद्देशिकेत पाठ केला होता. तिथे तो आमच्या बाजूचा होता.

वकील म्हणाला, "पहिल्या मुद्द्याचं मी पाहतो. दुसऱ्याला साक्षीदार लागतील. जीप सटकली हे सिद्ध झालं तरच बाई कडेला होती हे सिद्ध होईल. आणि सटकली कशावरून, तर सोयाबीनवरून."

म्हणजे गावानं झाडून काढलेलं सोयाबीन गावालाच पुन्हा रस्त्यावर मांडावं लागणार होतं, कोर्टात, आपल्या तोंडानं.

मी शेजारच्या काकूच्या ओसरीवर गेले. चार-पाच बाया कापसातला कचरा वेचत बसल्या होत्या.

"या, पुढारीण बाई," काकू म्हणाली. "आज कोणाचा निषेध?"

"तुमचा," मी म्हटलं. "सगळ्यांनी पाह्यलं आणि सगळ्या गप बसून राह्यल्या."

"साक्ष दिली तं इचारतीन, तुमचं सोयाबीन कुठं होतं? मंग काय सांगू?"

"खरं सांगा."

"अन् माह्यावर केस झाली तं?"

"एकटीवर होईल. सगळ्या आल्या तर किती जणींवर करतील?"

मग कोपऱ्यातून काकूची जाऊ म्हणाली, "केस करतीन तं सरपंचावर पयले करा लागन. त्याचंच सोयाबीन सगळ्यात लांब असते." आणि बाया हसायला लागल्या. मी पत्रकं वाटून जे कधी झालं नव्हतं, ते त्या हसण्याने झालं: सगळ्या यायला तयार झाल्या.

साक्षीला बाया यवतमाळच्या एस.टी.त बसून आल्या, डबे घेऊन. सरकारी वकिलाने काकूला विचारलं, "रस्त्यावर माल वाळवणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"माहीत हाय साहेब. मी वाळवते, माही जाऊ वाळवते, आमचा सरपंच वाळवते."

"मग अपघाताला तुम्हीच कारणीभूत."

"पोलिसाची गाडी दर वर्षी येते, मोकळ्या बाजूनं जाते. थांबून इचारतेबी, काय काकू, किती झालं औंदा? त्याच दिवशी काहून आमच्या मालावरून नेली?"

सरकारी वकिलाने तरी जोर सोडला नाही. पाठलागात असं होतंच, म्हणाला. पण गाडी सोयाबीनवरून गेली हे आता तोही धरून चालला होता.

निकाल लागला. रस्त्यावर माल घातल्याचा थोडा दोष मावशीच्या माथी आला, भरपाईतून तेवढं कापलं. मला राग आला, अजून आहे. पण बाकी निकाल आमचा होता: पाठलाग पोलिसांचं काम असलं तरी रस्त्याकडेच्या माणसाला सांभाळणं हेही त्यांचंच काम, जीप शासनाची, भरपाई शासनाची.

मावशीने एकच विचारलं. "मी मधात नव्हती, असं लिहिलं हाय का?"

"लिहिलंय."

"वाच." मी वाचलं. "अजून एकदा." मी पुन्हा वाचलं. तिने डाव्या हाताने पदर सावरला आणि चहा ठेवायला उठली.

आता मुकुटबनच्या बाजूच्या एका गावातून निरोप आला आहे. असाच पाठलाग, तशीच जीप, सायकलवरचा एक शेतमजूर. पाय गेला. कागदावर लिहिलंय, तो स्वतः आडवा आला. त्या वेळी रस्त्यावर चहाची टपरी उघडी होती, बाकावर माणसं होती. हे वाचणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणी असणारच. तुम्ही पाहिलं आहे. तुमच्या टपरीचं अतिक्रमण निघेल, तुमच्या गाडीचे कागद विचारतील, ही भीती मला माहीत आहे. ती भीती घेऊनच या, सोबत चार जण आणा, आणि कोर्टात उभं राहून काय पाहिलं ते सांगा.