जाळ्याच्या कडेचा नवरा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी कोळी निवडले आणि पाऊस सरता सरता अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका गावात खोली घेतली. घरमालक भातशेती करणारे. त्यांना मी काका म्हणे, त्यांच्या बायकोला मावशी. मायक्रोस्कोप खिडकीशी मांडला आणि तिसऱ्याच दिवशी जेवताना मावशींनी विचारलं, "दिसभर त्या नळीत काय बगतीस गं?"

"कोळ्यांच्या जाती ओळखते."

"कशावरनं?"

माझी पंचाईत झाली. कोळ्याच्या जातीची खात्री होते ती जननेंद्रियांवरून, आणि समोर काका भाकरी मोडत बसलेले. "हातांवरून," मी म्हणाले. तसं ते खोटं नव्हतं. नराचं बीज पोटाखालून येतं, पण मादीला द्यायचं साधन असतं तोंडाजवळच्या दोन आखूड हातांच्या टोकाला. तो आधी चिमुकलं जाळं विणतो, त्यावर थेंब ठेवतो आणि ड्रॉपरने शाई ओढावी तसा तो हातात ओढून घेतो.

मावशींनी हे सगळं माझ्याकडून काढून घेतलंच. काका ताट घेऊन पडवीत गेले.

खरी अडचण वेगळीच होती. बांधावरच्या झाडांत तळहाताएवढ्या कोळ्यांची जाळी होती, पण सगळ्या माद्या. बिळात राहणाऱ्या केसाळ कोळ्यांचं घराणं जुनं. त्यांच्या हाताचं टोक साधं. जाळंवाल्यांच्या या नव्या घराण्यात ते पीळदार असतं आणि मादीकडे बीज घ्यायची दारं वेगळी, अंडी घालायचं वेगळं. दोन्ही घराण्यांची चित्रं शेजारी शेजारी काढायची होती आणि माझ्याकडे या कुलपाची किल्ली, म्हणजे नरच नव्हता. आठ दिवस मी नर शोधत चिखल तुडवला.

शेवटी मावशी सोबत आल्या. जाळ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो काय तिचा नवरा!"

कडेला तांदळाएवढा तांबूस कोळी होता. "तो चोर आहे, मावशी. मोठीचं उरलंसुरलं खातो."

"चोर पळून जातो गं. ह्यो रोज हितंच बसतो. ती खायला लागली की हळूच पाठीवर येतो. नवराच हाय."

चोरही असतात तशा जाळ्यांत, म्हणून मी आठ दिवस त्याला वगळत होते. बाटलीत घालून घरी आणला, भिंगाखाली धरला. हातांच्या टोकांना दोन फुगीर गोळे, त्यातून निघालेली लांब, वळलेली सुई. मी खुर्चीवरून उठून किंचाळलेच.

मावशींनी डोळा लावला. मग म्हणाल्या, "एवढासा जीव, पन तयारी बग!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शेजारच्या चार बायका उभ्या. मावशींनी सगळ्यांना सांगितलं होतं. आदल्या आठवड्यात काकांसमोर लाजणारी मी त्यांना मोठ्याने समजावत होते, कुठलं टोक कुठल्या दारात जातं ते. एक म्हातारी भिंगातून मान वर काढून म्हणाली, "आन ती एवढी मोठी बाय ह्येला खात न्हाई व्हय?"

"कधीकधी खाते, आजी."

"मंग ठीक हाय," म्हातारी म्हणाली आणि पुढच्या बाईला जागा दिली.