चौकच्या तळ्याला रात्र हवी होती

आठ वर्षं भाईंदर पश्चिमेला राहतेय. या काळात कूर्ग झालं, स्पिती झालं, त्यावर इथे लांबलचक पोस्ट लिहून झाल्या, आणि घरापासून जेमतेम तासाभरावरचं चौक गाव मात्र पाहिलेलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. शेवटी गेले तेही फिरायला नाही, बोलावणं आलं म्हणून.

बाजारात मी जनाकाकींकडून मासळी घेते. बोंबील पिशवीत भरता भरता त्या एकदम म्हणाल्या, "तुजी बहीण माशांची मास्तरीण हाय ना? तिला आमचे तल्यावर आण एकदा."

माझी मावसबहीण सुनीता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. काकींच्या नवऱ्याने, हरीकाकांनी, घरालगत खाऱ्या पाण्याचं तळं करून त्यात कालुंदर सोडले होते. मासे गुटगुटीत झाले, पण दोन मोसम उलटले तरी एक पिल्लू नाही. हाही मोसम कोरडा गेला तर तळं बुजवायचं आणि दोघांनी विरारला मुलीकडे जायचं, असं ठरलं होतं. "चवथ्या माल्यावर बसून काय करू मी? भिंती बघू?" काकींनी हे मला विचारलं, आणि मी त्याच रात्री सुनीताला फोन केला.

फेब्रुवारीअखेरच्या शनिवारी निघालो. स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस पकडा आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. "मॅडम, छुट्टा दो, वरना उतरो," असं कंडक्टरने आम्हाला हसत हसत पण खरंच सांगितलं. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे पडली की टॉवर विरळ होतात, मिठागरं दिसायला लागतात. उत्तनला एका घरगुती खानावळीत बोंबील फ्राय आणि तांदळाची भाकरी खाल्ली, दोघींचं पाचशेच्या आत झालं. तिथून चौकला रिक्षा. रस्ताभर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात, वासाला नाक मुरडणार असाल तर येऊच नका. चौकच्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर मात्र जरूर चढा. खाली वसईची खाडी, पलीकडे वसई, आणि वारा असा की बोलणं ऐकू येत नाही.

काकांचं घर खाली, किनाऱ्याला लागून. दारापुढे खांबावर मोठा पांढरा दिवा आणि त्याच्या बरोबर खाली, घराला वळसा घालून मागे गेलेलं तळं. उन्हात दिव्याकडे माझं लक्षच गेलं नसतं, पण सुनीता मान वर करून बघतच राहिली.

"हा रात्रभर चालू असतो?"

"तीन वरसं झाली," काका म्हणाले. "विजू होडी घेऊन गेला ना, तवापासून."

विजू म्हणजे त्यांचा मुलगा. या घराची रीत अशी, की घरातलं माणूस समुद्रात असेल तोवर आईने किंवा बायकोने दिवेलागणीला दारचा दिवा लावायचा आणि पहाटेपर्यंत तो विझू द्यायचा नाही. विजूची होडी परत आली नाही. म्हणून काकी अजून दिवा लावत होत्या. तळं काकांनी मुद्दाम त्या उजेडात खणलं होतं. रात्री दिव्यावर किडे येतात, पाण्यात पडतात, मासे ते खातात. "मी बोलायचो, पोरगाच धाडतोय खाना," काका म्हणाले आणि पाण्याकडे बघत राहिले.

सुनीताने वाकून पाण्यात हात घातला, पुन्हा दिव्याकडे पाहिलं. तिला जे सांगायचं होतं ते या घरात कसं सांगावं, हे तिला कळत नव्हतं, आणि मला तर तिथून उठून जावंसं वाटत होतं.

शेवटी ती बोलली. "काका, माशाला पंचांग नसतं. दिवस किती मोठा, रात्र किती मोठी, यावरून त्याचं शरीर ऋतू ओळखतं. आपल्याकडे हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसात दोनेक तासांचा फरक पडतो, तेवढा त्याला पुरतो. अंधार पडला की अंगात एक रस तयार होतो, रात्र किती लांब ते त्यावरून कळतं. या तळ्यात अंधारच पडत नाही. तुमच्या माशांना पौषही कळत नाही आणि वैशाखही." मग घाईने म्हणाली, "हेच कारण असेल अशी खात्री नाही हं. पण मला आधी हेच दिसतंय."

काकी भांडी विसळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "किती रात पायजे त्यांना?"

"आभाळात असेल तेवढीच, काकी."

"दिवा दुसरीकडं लावू," काका पटकन म्हणाले. "नायतर तल्यावर ताडपत्री टाकू."

"त्याला हीच जागा ठावं हाय," काकी म्हणाल्या. "दुसरीकडं लावून काय?" मग त्यांनी हात पुसले. चहा केला, आम्हाला सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, बांधून दिली.

सूर्य बुडाला. शेजारच्या घरांतून दिवे लागले. काकी उंबऱ्यावर बसल्या होत्या, बटण त्यांच्या डोक्याशीच होतं. त्या उठल्या नाहीत. तळ्याचं पाणी आधी राखाडी झालं, मग दिसेनासं झालं. काका मला हळूच म्हणाले, "तीन वरसांत पयल्यांदा." आम्ही मोबाइलच्या उजेडात रस्त्याला लागलो. बसमध्ये सुनीता रडली. मी चुकीची असले तर, एवढंच म्हणत होती.

मे संपता संपता काकांचा फोन आला. तळ्यात टाकलेल्या जुन्या कौलांना अंडी चिकटली होती, आता पिल्लं फिरत होती. विरारचं जाणं रद्द झालं. मी ओरडलेच आनंदाने. मग त्यांनी फोन काकींकडे दिला.

"अगो, दोघं मिलून राखतात," त्या म्हणाल्या. "आईपन, बापपन. पोरं जरा लांब गेली का लगेच वलवून आनतात. मी बसून बघते रोज."

फोनमध्ये मागे समुद्र वाजत होता.

"मोठी झाली का त्यांनापन सोडावं लागंल गो," काकी म्हणाल्या आणि फोन ठेवला.