बाकाखालचा ग्लास

सांगलीच्या एका सूतगिरणीत दादा फिटर होते. आम्ही कामगार संघटनेची पोरं गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर पत्रकं वाटत असलो, की ते दोन रिकामे ग्लास मांडून आम्हाला जग समजावून सांगत.

"ह्यो मालक, ह्यो कामगार. जर्मनीत दोगं एका टेबलाला बसत्यात. जपानात कामगार काळी फीत लावतोय, पन मशीन बंद करत न्हाई. आन् आपल्यात?" असं म्हणून ते कामगाराचा ग्लास बाकाखाली ठेवत. सगळे हसत. मला हसू यायचं नाही.

नव्या आर्थिक धोरणाची ती वर्षं. गिरणीने संचालक मंडळावर कामगारांचा एक प्रतिनिधी घ्यायचं ठरवलं. आम्ही त्यांनाच निवडून दिलं. त्यांच्यासाठी पत्रक मीच लिहिलं होतं. दुसऱ्याच बैठकीत जतकडच्या बदली, म्हणजे कायम नसलेल्या, कामगारांना कमी करायचा ठराव झाला. खाली त्यांचीही सही होती.

"आवं दादा, तुमी इरोध केला न्हाई?" मी गाड्यावर विचारलं.

"त्येंनी खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. समदी व्हय म्हनत हुती, गड्या. एकट्याची जीभच उचलंना."

शेजारीच काढून टाकलेला एक बदली कामगार वळकटी घेऊन जतच्या एसटीची वाट बघत उभा होता. दादांनी हातातला भरलेला ग्लास त्याच्यापुढे धरला.

त्याने तो घेतला नाही. एसटी त्याला घेऊन गेली, तरी दादांचा हात तसाच पुढे होता.