ओंजळीतली फळमाशी

"होळी गावातला तो पेरूवाला नावाने ख्रिस्ती, पण मनातून हिंदूच होता, तुळशीपुढे गुडघे टेकून हात जोडताना लोकांनी पाहिलाय." आमच्या गावात हे वाक्य अजून मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. ते साफ खोटे आहे. तुळस माझ्या अंगणातली, पेरूवाला माझा शेजारी, आणि हे सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी तिथे नव्हता.

त्याच्याइतका नाकाने जगणारा मनुष्य साऱ्या वसईत झाला नाही. पाहुणा आला की हा आधी त्याचा वास घेई, मग नाव विचारी. माझे वासाचे केशतेल त्याने बंद करविले, का, तर "तुमच्या डोक्यानं माझ्या माशा गोंधळतात, भाऊ!" माशा म्हणजे फळमाशा; पेरूत अळ्या पडतात त्या यांच्याच अंड्यांतून. ठेचलेल्या तुळशीच्या वासाला त्या धावतात, हे त्याने एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास ताडले आणि तुळशीचे पाणी व थोडे औषध घातलेल्या करवंट्या बागभर टांगल्या. माशा मेल्या, पण याला चैन पडेना. मादीला मागे अंडी घालायची सुई असते; मेलेल्यांत ती एकीलाही दिसेना. सगळे नरच! जिवंत माशी तपासावी म्हणून तो रोज आमच्या वृंदावनापाशी गुडघे टेके आणि दोन्ही तळहात हलकेच मिटी.

नेमके अशाच वेळी, ज्यांच्या मुलाशी त्याच्या मुलीचे लग्न ठरत होते ते राजोडीचे गृहस्थ कुंपणाशी येऊन थबकले. "आम्ही चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारी माणसं," ते मला म्हणाले. "ही सोयरीक नको."

"अरे, ऊठ! पोरीचं लग्न मोडतंय!" मी ओरडलो.

हात उघडले असते तर शंका तिथेच फिटली असती. पण माशीही गेली असती. तो हलला नाही. "थांबा जरा. शेपूट बघायचंय."

गृहस्थ रागारागाने जवळ आले. तेव्हा कुठे त्याने अंगठे किंचित उघडले. "बघा व्याही, सुई नाही. नर हाय. तुळशीचं अत्तर फासून बायको शोधायला निघालाय. तुमचा पोरगा माझ्या दारी आला तेव्हा काय कमी अत्तर लावलं होतं?"

व्याही वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि एकदम हसले. माशी उडाली, सोयरीक राहिली.

अत्तराचे ते अनुमान बरोबर होते की नाही, हे त्याला अखेरपर्यंत कोणी सांगितले नाही. आता तो नाही. पेरूच्या बागेत इमारत उभी आहे. माझे गुडघे कुरकुरतात, तरी पावसाळ्यात मी तुळशीपाशी तसाच बसतो, तळहात मिटतो, अंगठे उघडून पाहतो. येणारेजाणारे माझ्या भक्तीचे कौतुक करतात. करोत. आजवर ओंजळीत मादी एकही निघालेली नाही.