गाऱ्हाण्यातला फिजिक्सचा पेपर

मुलगी कणकवलीला कॉलेजच्या हॉस्टेलवर रुजू होणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिचे किट तपासले. टॉर्च, शिट्टी, सुई-दोरा, पाण्याची बाटली, दहा हात दोरी. दोरी कशाला, असे मयुरीने विचारले. दोरी लागते, एवढेच मी सांगितले. बायकोने ट्रंकेत सुकट, कुळथाची पिठी आणि कोकमे भरली. त्या सुकटीच्या वासाने हॉस्टेलचा अख्खा मजला आठवडाभर नाक धरून होता, हे नंतर कळले.

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच. गावात मला सुभेदार म्हणतात. मी फौजेतून खरा हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, पण गावाने दिलेले प्रमोशन परत करता येत नाही. पोरगी शिकावी म्हणून बापाने काय करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. सेक्शन सांभाळायला शिकवले होते. मी तेच सुरू केले.

रोज रात्री आठला सिच्युएशन रिपोर्ट. तब्येत, जेवण, अभ्यास, बस्स. महिन्यातून एकदा सरप्राइज इन्स्पेक्शन. पहिल्याच इन्स्पेक्शनला तिच्या खोलीतल्या दोन मुली मला बघून सावधान उभ्या राहिल्या. मला बरे वाटले. मयुरी मला स्टँडपर्यंत सोडायला आली, ती तोंड शिवून.

रिपोर्ट मात्र वेळेवर यायचा. "ऑल ओके, बाबा." नोकरीभर मीही वरच्यांना असाच रिपोर्ट देत आलो होतो. पोस्टवर काहीतरी बिघडले असले की तो अधिकच खणखणीत द्यायचा असतो. तरीही मी विश्वास ठेवला.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि ती न कळवता घरी आली. बायको मालवणच्या बाजारातून मासे विकून परतली होती. तिने बांगडा तळला. मयुरीने त्याला हात लावला नाही. आमच्या घरात बांगडा ताटात राहिला म्हणजे इमर्जन्सी.

"फिजिक्स रवला," ती म्हणाली. "माका परत जावचा नाय. मी आयेवांगडा मासे इकतलंय."

आईबरोबर मासे विकणे वाईट नव्हे, आमचे घर त्यावरच उभे आहे. पण एका राहिलेल्या पेपरासाठी पोरगी कायमची पाठ फिरवते आहे, हे मला पटेना. मी काही बोलायच्या आत तिने आमच्याकडून शपथ घेतली, गावातल्या एकाही माणसाला हे कळता कामा नये. मी तात्काळ रेडिओ सायलेन्स जाहीर केला. बायकोनेही गळ्याला हात लावला.

पुढच्या आठवड्यात गावची जत्रा होती. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. अडचण आपली, पण ती देवाला सांगतात मानाचे गावकर, आणि जमलेला गाव "व्हय महाराजा" म्हणून त्यावर शिक्का मारतो. आमचे गावकर म्हणजे तात्या. आवाज असा, की समुद्रातली होडी मागे वळावी. त्यात त्या वर्षी मुंबईकर मंडळींनी देवळाला लाऊडस्पीकर दिलेला.

तात्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा महाराजा! ह्या सुभेदाराच्या चेडवाचो कॉलेजात फिजिक्साचो पेपर रवलो हा."

"व्हय महाराजा!" गाव म्हणाला.

"ता घाबरून घराक येवन बसला हा. बांगडो पण खाणा नाय."

"व्हय महाराजा!" या खेपेला बाहेरचे खाजेवालेही म्हणाले.

मयुरी मागच्या मागे देवळातून निघून गेली. मी बायकोकडे पाहिले. ती हात जोडून उभी होती, चेहरा स्वच्छ.

"मी माणसाक खंय सांगलंय?" ती म्हणाली. "देवाक सांगलंय."

मयुरी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला बसली होती. मी शेजारी बसलो. सांत्वन करायचे मला जमत नाही. मग मी तिला दगडू खरातची गोष्ट सांगितली.

खरात माणदेशातला, माझ्या सेक्शनमधला. पाण्यावाचून वाढलेला, समुद्र कधी न पाहिलेला. आमच्या तोंडवलीला ये, मासे खायला घालतो, असे मी त्याला दर सुट्टीच्या आधी सांगायचो. रात्रीच्या मार्चला नकाशा त्याच्या हातात दिला की आम्ही भलतीकडेच पोचायचो. मॅप रीडिंगमध्ये तो नापास झाला. मग मी पुढे चालू लागलो आणि तो माझ्या मागे. आमच्या प्लाटून कमांडरांनी ते पाहिले. म्हणाले, "हवालदार, पीछे चलो. मुँह बंद." मी मागे झालो. खरातने आम्हाला नाल्यात उतरवले, मग कोणाच्या तरी उसात घातले. मी जीभ चावून गप्प. तो थांबला, नकाशा फिरवला आणि उजाडता उजाडता आम्हाला कॅम्पवर आणले. पुढे काश्मीरमध्ये धुक्यात पुढचे बूट दिसत नव्हते, तेव्हा सगळ्या सेक्शनला पोस्टवर परत आणणारा खरातच होता. मी त्यात होतो.

"तो आता खंय आसता?" मयुरीने विचारले.

"पुढच्या हिवाळ्यात गस्तीवर गेला. परत आला नाही."

तिने वाळूत एक रेघ ओढली.

"मगे बाबा, माझ्या वेळाक तुमी पुढे कित्याक चलतास?"

सरप्राइज इन्स्पेक्शन आणि आठचा रिपोर्ट मी त्याच वाळूत रद्द केले. फोन करायचा तर ती करेल, असे ठरले.

गावाने मात्र आपले काम चालूच ठेवले. सकाळपासून घरी रांग. तात्या स्वतः आले. माफी वगैरे काही नाही, आपण मॅट्रिकला कसे आपटलो ते खुलवून सांगून, चहा पिऊन गेले. दुपारपर्यंत आमच्या वाडीत कधीच नापास न झालेला माणूस सापडेना. लपवायचे काही उरलेच नाही, तेव्हा मयुरीला हसू फुटले. संध्याकाळी तिने बांगडा खाल्ला. सोमवारी एसटीत बसली, तर कंडक्टर तिकीट देता देता म्हणाला, फिजिक्स सुटतला, घाबरा नको.

मागे चालणे किती अवघड असते, ते मला तेव्हा कळले. आठ वाजले की हात फोनकडे जायचा. शेवटी बायको फोन तांदळाच्या डब्यात ठेवू लागली. पाचव्या दिवशी डबा वाजला. मयुरीला पिठीची कढी कशी करतात ते हवे होते. अभ्यासाचे तिने काढले नाही, मी विचारले नाही. मुँह बंद.

पेपर सुटला. पुढच्या जत्रेला नारळ द्यायला मयुरी स्वतः उभी राहिली. तिने तात्यांच्या कानात काहीतरी सांगितले. तात्यांच्या कानात सांगणे म्हणजे काय, हे तिला आता चांगलेच ठाऊक होते.

"बा देवा महाराजा! ह्या चेडवाचो पेपर सोडवलंस."

"व्हय महाराजा!"

"आणि तेच्या बापाशीच्या पलटणीतलो, माणदेशचो दगडू खरात, जो गस्तीवरसून परत येवक नाय, तेका खंय आसात थंय सुखात ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव म्हणाला. लाऊडस्पीकरवरून ते नाव माडांवरून समुद्राकडे गेले. त्या गर्दीत खरातला पाहिलेला मी एकटा, आणि म्हणायचा राहिलो तोही मीच.

बायकोने कोपर मारले. मग मीही म्हणालो.