पट्ट्यावरची राळ

"पोरीच्या हातात दिल्यापासून बोंबलायला लागलीय गाडी," चर्चच्या फाटकाशी आत्या कुणाला तरी सांगत होती.

मी स्टिअरिंगवर होते आणि काच खाली होती. शेजारी बसता बसता पप्पा हसले. "काढूनच घेतो आता चावी," ते आत्याला मोठ्यानं म्हणाले आणि दार लावलं. मी गाडी सुरू केली. बॉनेटखालून ती किंचाळी आली, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी. आवारातल्या सगळ्या माना वळल्या.

मला वाटलं, चेष्टा असेल. पण आमच्या बेलापूर गावात शिरताना पप्पा म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. गाडी गॅरेजला दाखवू. मग तू आपली एसटीनं जात जा."

एसटीनं राहुरीच्या शाळेत पोचायचं म्हणजे श्रीरामपूरला उतरून दुसरी गाडी पकडायची. पहिला तास बुडणार. शिक्षिकेच्या जागेच्या मुलाखतीत शाळेनं मला एकच गोष्ट दोनदा विचारली होती, वेळेवर पोचाल कशा? घरची गाडी आहे, असं मी सांगितलं होतं. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

दुपारी पप्पा झोपल्यावर मी अंगणात गेले. मोठ्यांसमोर तोंड उघडायला मला जमत नाही, पण गोष्टी बघून ठेवायची सवय आहे. आवाज कधी येतो ते मी बघून ठेवलं होतं. सकाळी इंजिन थंड असताना, एसी लावल्यावर, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर. इंजिनाच्या बाजूला खाचांचा एक लांब रबरी पट्टा असतो. एसी, स्टिअरिंगचा पंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, सगळं तोच फिरवतो. आमच्याकडे त्याला सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. वरच्या तिन्ही वेळी त्याच्यावर जोर येतो.

ओढणी काढून ठेवली, केस घट्ट बांधले. इंजिन चालू ठेवून लांबूनच बाटलीतलं थोडं पाणी पट्ट्यावर सोडलं. व्हिडिओत सांगितलं होतं, आवाज तेवढ्यापुरता थांबला तर पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्या पुल्या एका रेषेत नाहीत; वाढला तर पट्टा घसरतोय. आवाज वाढला.

गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि पट्ट्यावर बोट फिरवलं. रबर कोरडं लागायला हवं होतं. बोट चिकटलं. खाचा तपकिरी, धूळ मिसळलेल्या चिकट थरानं भरल्या होत्या. मी बोट नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता.

राळ होती. आमची पिठाची गिरणी आहे. पट्टा घसरायला लागला की पप्पा डब्यातली राळ, झाडाच्या वाळलेल्या चिकाची पूड, चिमटीनं त्यावर टाकतात, पट्टा पकड घेतो, दळण पुढे चालू. गिरणीचा पट्टा रुंद, सपाट. त्याला ते चालतं. गाडीच्या पट्ट्याच्या खाचांत मात्र ती धूळ धरून घट्ट बसली होती.

पप्पा रोज मी निघायच्या आधी बॉनेट उघडून काहीतरी करायचे. "बघून ठेवलीय गं, बस तू," म्हणायचे. मला ती माया वाटायची. मग आठवलं, मी गाडी शिकायच्याही आधीपासून ते सकाळी बॉनेट उघडत होते. म्हणजे गाडी तेव्हाच ओरडत होती. आणि आज फाटकाशी ते हसले होते.

चहाच्या वेळी मी त्यांना कप नेऊन दिला. त्यांना वाटत असेल राळेनं फायदाच होतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरच्या गॅरेजात मिस्त्रींनी पट्टा उतरवला, उलटा वाकवला. भेगा पडल्या होत्या. ते हसायलाच लागले. "काका, काय लावलंय ह्याला? गूळ? पार ढेप झालीय की हो!"

पप्पांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "पोरीनं लावलं आसंल कायतरी. मोबाईलवर बघत असती."

रविवारी चर्चमध्ये पप्पा ज्या आवाजात बायबलमधलं शास्त्रवाचन करतात, तोच हा आवाज, तितकाच शांत. आसपासच्या कुठल्याही गिरणीत पट्टा कुरकुरला की लोक पप्पांना बोलावतात. पट्ट्याच्या बाबतीत आपण चुकलो, हे परक्या माणसासमोर त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण माझं नाव इतक्या सहज निघेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मिस्त्रींनी पुल्या पेट्रोल आणि ब्रशनं घासून काढल्या, हातानं फिरवून पाहिल्या, नवा पट्टा चढवून ताण बघितला. गाडी सुरू केली, एसी लावला, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवलं. फक्त इंजिनाची घरघर.

"ताई, आता काही लावू नका हां ह्याला," ते चावी काढत मला म्हणाले. पप्पांनी चावीसाठी हात पुढे केला होता. मीही केला.

"राळ पप्पांनी लावली," मी म्हणाले. "मी गाडी चालवायला लागायच्या आधीपासून. चावी माझ्याकडे द्या. उद्या शाळेला गाडी मी नेणार आहे."