दिनकररावांची दोनशेची गाडी

आमच्या पूर्णेत निवृत्त रेल्वेवाल्यांना तोटा नाही. कुणी घर बांधतो, कुणी शेत घेतो. माझे शेजारी दिनकरराव चौतीस वर्षं इंजिन चालवून निवृत्त झाले आणि एका बुडत्या कंपनीची शर्यतीतल्यासारखी गाडी घ्यायला निघाले. मी तोंडावर सांगितलं, डोकं फिरलंय तुमचं. ते नुसते हसले. त्यांचं हे हसणं मला कधीच सहन होत नाही.

गाडी दोनशेच्या वर पळणारी. निघाली तेव्हा अठरा लाखांची. हीच आपल्याला तारणार म्हणून कंपनीने सगळी भिस्त तिच्यावर ठेवलेली, पण खप होईना. किंमत सोळावर आली, चौदावर आली. साडेअकरावर आली तेव्हा परभणीच्या शोरूममध्ये एकच उरली होती. ती दिनकररावांनी आणली.

पुण्याहून मुलाचा, वैभवचा, फोन आला. “बाबा, कंपनी बंद पडली तर हिला भंगारवालासुद्धा विचारणार नाही.”

“मला इकायचीच न्हाई, मग भाव पडला काय अन् चढला काय,” दिनकरराव म्हणाले. “कारखाना बंद झालेली इंजिनं आमी वीस-वीस वर्षं चालवली. मिस्त्री तेवढा हुशार पायजे.”

हौसेला मोल नसतं, कबूल. पण त्यांच्या पत्नी मालनबाई महिनाभर गाडीत बसल्या नाहीत. “लय भ्याव वाटतंय,” एवढंच म्हणायच्या. मला त्यांची कीव यायची.

भिण्यासारखं काही नव्हतंच. मी ताडकळसपर्यंत जाऊन आलो ना. गृहस्थ साठच्या वर गेला नाही, दुधाचे कॅन घेतलेला मोटारसायकलवालासुद्धा आमच्या पुढे निघून गेला. त्यात इंजिनातली सवय. तिथे एकाने सिग्नल मोठ्याने म्हणायचा आणि जोडीदाराने तो परत म्हणायचा. इथे हे “गतिरोधक” म्हणायचे आणि मी “गतिरोधक” म्हणेपर्यंत माझ्याकडे बघत राहायचे. ताडकळसला भजी त्यांनी खाऊ घातली, म्हणून मी गप्प बसलो.

पुढे मानवतला मालनबाईंच्या बहिणीकडे बारसं होतं. एसटी चुकली आणि त्या नाइलाजाने गाडीत बसल्या. मग काय, पुढच्या आठवड्यात औंढ्याला, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत बहिणीकडे. कधी कधी तर उगीच, कुठेच नाही.

यंदा कंपनीने खरोखरच कारखान्याला टाळं लावलं. मला वाटलं, आता बरी जिरली. पण झालं भलतंच. ही गाडी पुन्हा निघणार नाही म्हटल्यावर शौकीन लोक तिच्या मागे लागले. नांदेडचा एक व्यापारी दारात येऊन साडेसोळा लाख बोलला. मी तिथल्या तिथे वैभवला फोन लावून दिला, तो म्हणाला, “बाबा, देऊन टाका.” मीही तेच म्हणालो, खोटं कशाला सांगू. दिनकरराव आमच्याकडे बघेनात. “तिला इचारा,” म्हणाले आणि खाली मान घालून बसले.

मालनबाई चहा घेऊन बाहेर आल्या. आकडा त्यांनी नीट ऐकून घेतला.

“हयातभर ह्यांनी सगळ्या दुनियेला कुठं कुठं नेऊन सोडलं,” त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. “मी घरीच. आता कुठं माझी पाळी आली, अन् तुमी पैसे दाखवायलाव व्हय? चहा घ्या अन् जावा.”